संतुलित तार की असंतुलित? घरच्या संगीतयंत्रणेविषयी चार शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळ्ळंदूर येथे दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, संतवाङ्मय अशा विषयांवर बोलावे, असा संकेत आहे. दोन यंत्रांना जोडणाऱ्या तारेवर कोणी व्याख्यान द्यावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असेल. परंतु हा विषय वाटतो तितका रूक्ष नाही. मुलूख सोडून दूर येऊन राहिलेल्या माणसांपाशी गावचे घर नसते, अंगण नसते. पण गावचे आवाज असतात. आपल्या कपाटांतून कॅसेटी आहेत. त्यांत कोणाच्या आजीच्या ओव्या आहेत, कोणाच्या वडिलांचे कीर्तन आहे, कोणाच्या घरची मंगलाष्टके आहेत. विकत घेतलेली ध्वनिमुद्रिका हरवली तर दुसरी मिळते. या कॅसेटींची दुसरी प्रत जगात नाही. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली बाजारात आणली, आणि आपल्याकडे तिचा खरा सुकाळ झाला तो १९८० नंतर. म्हणजे आपल्या घरच्या बहुतेक फिती आता तीस ते चाळीस वर्षांच्या झाल्या. फीत झिजते, तिच्यावरील लेप सुटतो, आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली. म्हणून शहाणी माणसे हे आवाज संगणकावर उतरवून ठेवीत आहेत.

हे काम करू पाहणारा गृहस्थ पुण्यात असेल तर तापकीर गल्लीत जातो, मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोडवर, आणि आपल्या बेंगळूरात असेल तर एस. पी. रोडवर. तेथे दुकानदार विचारतो, "बॅलन्स्ड हवी की अनबॅलन्स्ड?" आणि लगेच सांगतो की पहिली महाग आहे, परंतु चांगली आहे. गृहस्थ गोंधळतो. आवाज उतरवण्याची संधी एकदाच मिळायची आहे. तेव्हा पैशाकडे पाहू नये, असे त्याला वाटते. हा विचार योग्य आहे. पण महाग तार घेतल्याने तो सिद्धीस जातोच असे नाही. कोणत्या ठिकाणी कोणती तार लागते आणि का लागते, हे समजून घेणे हाच आजच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम असंतुलित तारेची ओळख करून घेऊ. आपल्या घरी लाल-पांढऱ्या टोकांची जी तार असते, जिला आपण आरसीए पिनची तार म्हणतो, ती असंतुलित. आरसीए म्हणजे रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका. त्या कंपनीने १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रिकेचे यंत्र रेडिओच्या पेटीशी जोडण्यासाठी ही लहानशी खुंटी काढली आणि ती जगभर रूढ झाली. या तारेत मधोमध एक बारीक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी विणलेली असते. मधल्या तारेने गाण्याचा संदेश जातो आणि जाळीवाटे तो परत येतो. बाहेरचा उपद्रव अडवण्याचे कामही याच जाळीकडे असते. एकाच नोकराने पाणीही भरावे आणि दाराशी पहाराही करावा, तसा हा प्रकार आहे. घर लहान असेल तर नोकर दोन्ही कामे व्यवस्थित करतो. वाडा मोठा असेल तर मात्र त्याची ओढाताण होते.

संतुलित तारेत जाळीच्या आत दोन तारा असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या. संदेश या दोघींच्या दरम्यान वाहतो आणि जाळीला केवळ पहाऱ्याचे काम उरते. हिच्या टोकाला बहुधा तीन खुंट्यांचा एक्सएलआर जोड असतो. पहिली खुंटी जाळीची, दुसरी आणि तिसरी त्या दोन तारांची. पलीकडच्या यंत्राने काय करायचे, तर या दोन तारांमधील फरक तेवढा मोजायचा आणि दोहोंत जे समान असेल ते सोडून द्यायचे.

ही युक्ती समजण्यासाठी आपल्या वाण्याचा तराजू डोळ्यांपुढे आणावा. तराजू उघड्यावर टांगला आहे आणि पाऊस पडतो आहे. दोन्ही पारड्यांत सारखेच पाणी साठते. म्हणून काटा हलत नाही. एका पारड्यात आपण छटाकभर साखर टाकली तर मात्र तो लगेच झुकतो. पाऊस म्हणजे बाहेरून येणारा विजेचा उपद्रव, आणि साखर म्हणजे आपले गाणे. संतुलित तारेने पाऊस थांबत नाही. तो दोन्हीकडे सारखा पडतो, म्हणून मोजमापात येत नाही. आता एक पारडे परातीएवढे आणि दुसरे वाटीएवढे असेल, तर पाणी कमीजास्त साठेल आणि काटा खोटे बोलू लागेल. तारेच्या बाबतीत पारड्याचा आकार म्हणजे प्रत्येक तारेला जमिनीच्या संदर्भात भेटणारा रोध. दोन तारांचा हा रोध समान असणे, यालाच खरे संतुलन म्हणतात. दोन तारांतून एकमेकांच्या उलट असे दोन संदेश धाडणे म्हणजे संतुलन, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे धाडले तर चालते, पण ते अत्यावश्यक नव्हे. रोधाची समानता अत्यावश्यक आहे.

ही कल्पना संगीतासाठी जन्मलेली नाही, ती टेलिफोनसाठी जन्मली. प्रारंभीच्या टेलिफोनला एकच तार असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून येत असे. शहरांत विजेचे दिवे आणि ट्रामगाड्या आल्या तेव्हा त्या टेलिफोनांत बोलण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येऊ लागली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली दोन तारांना पीळ घालण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढे टेलिफोन कंपन्यांनी एकेरी तार सोडून दुहेरीचा अंगीकार केला. पिळाचा लाभ असा की उपद्रवाच्या उगमाजवळ कधी ही तार येते, कधी ती; सरासरीने दोघींना सारखाच त्रास होतो. आपण ज्या शहरात राहतो त्याचा या विद्येशी जुना संबंध आहे. १९४८ साली स्थापन झालेली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज येथलीच, आणि तिच्यामुळे वसलेले दूरवाणीनगर बेळ्ळंदूरपासून फार दूर नाही. तेथे तयार झालेली टेलिफोन यंत्रे देशभर ज्या तांब्याच्या जोडतारांवर बोलत, त्या संतुलितच होत्या. कित्येक मैलांवरच्या मुलीचा आवाज आईला स्वच्छ ऐकू येई, त्यात या दुहेरी पिळाचा वाटा मोठा होता.

येथे 'मैल' हा शब्द लक्षात ठेवावा. संतुलित तार अंतरासाठी आहे. सभागृहात ध्वनिक्षेपक व्यासपीठावर असतो आणि ॲम्प्लिफायर वीस-तीस मीटर दूर. ध्वनिक्षेपकातून निघणारा वीजदाब काही सहस्रांश व्होल्ट इतकाच असतो. तेथे असंतुलित तार वापरली तर गणपतीच्या आरतीपेक्षा विजेचीच आरती मोठ्याने ऐकू येईल. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमासाठी ध्वनिक्षेपकाच्या तारा संतुलितच असाव्यात. येथे काटकसर करू नये. पण बेळ्ळंदूरच्या सदनिकेतील बैठकीच्या खोलीत कॅसेट यंत्र आणि ॲम्प्लिफायर यांत अंतर किती? हातभर, फार तर दीड मीटर. शिवाय घरगुती यंत्रांतून निघणारा नेहमीचा वीजदाब सुमारे ०.३ व्होल्ट असतो, म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या शंभरपट किंवा अधिक. सीडी यंत्र तर कमाल २ व्होल्ट देते. इतका सशक्त संदेश इतक्या थोड्या वाटेवर सहसा लुटला जात नाही.

तार लांब झाली की तार सप्तकातील स्वर मंद होतात, असेही सांगितले जाते. तत्त्वतः ते खरे आहे. जाळीच्या तारेत दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारकता असते आणि ती उंच कंपनांना थोडी गिळते. पण हिशेब करून पाहावा. यंत्राचा निर्गमरोध १००० ओहम धरला आणि तार पाच मीटर धरली, तरी हा परिणाम सेकंदाला तीन लाख कंपनांच्या आसपास जाणवू लागतो. माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो. तेव्हा घरच्या मापात ही भीती बाळगण्याचे कारण नाही. रेकॉर्डप्लेअरची सुई हा एक अपवाद आहे. तिच्याकडून केवळ पाच सहस्रांश व्होल्ट मिळतात आणि तारेची धारकता तिच्या स्वरावर खरोखरच परिणाम करते. म्हणून तिची तार आखूडच ठेवावी, आणि तिच्यासोबत येणारी जमिनीची वेगळी बारीक तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला न विसरता जोडावी.

मग घरोघरी स्पीकरमधून जी अखंड घूं-घूं ऐकू येते, दुरुस्तीवाले जिला हमिंग म्हणतात, ती येते कोठून? येथे आपल्या शेजारच्या तलावाचे उदाहरण उपयोगी पडेल. बेळ्ळंदूरच्या तलावावर फेसाचे डोंगर उठले, २०१५ साली त्या फेसाने पेट घेतला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. पण तो फेस तलावात जन्मलेला नव्हता. शहराच्या नाल्यांनी वरच्या भागातील सांडपाणी आणि साबण खाली आणला, आणि सांडव्यावर पाणी घुसळले गेले तेथे तो प्रकट झाला. हमिंगचेही तसेच आहे. ती स्पीकरमध्ये प्रकट होते, जन्मते दुसरीकडेच.

घरातील प्रत्येक तीन पिनांचे यंत्र आपल्या विद्युत्प्रवाहाचा अगदी लहानसा अंश अर्थिंगच्या तारेत सोडीत असते. त्यात दोष नाही. यंत्राच्या आतील गाळणीची रचनाच तशी असते. आता कॅसेट यंत्र एका भिंतीवरच्या प्लगला आहे, संगणक दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगला आहे, आणि दोघांना आपली लाल-पांढरी तार जोडते आहे. दोन प्लगांच्या अर्थिंगमध्ये किंचित वीजदाबाचा फरक असतोच. अर्थिंगच्या तारा आणि आपल्या तारेची जाळी मिळून एक बंद कडे तयार होते, आणि त्या कड्यातून प्रवाह फिरू लागतो. समजा जाळीचा रोध ०.०५ ओहम आहे आणि तिच्यातून १० मिलिअँपिअर प्रवाह गेला. गुणाकार अर्धा मिलिव्होल्ट होतो. आपले गाणे ३१६ मिलिव्होल्टचे. म्हणजे उपद्रव गाण्याच्या सुमारे सहाशेव्या हिश्शाइतका. रहदारीच्या वेळी तो ऐकूही येणार नाही. पण रात्री, खिडक्या लावून, तंबोऱ्यावर कान ठेवला की तो हटकून ऐकू येतो. जाळीकडे दोन कामे आहेत असे आम्ही म्हणालो, त्याचा परिणाम हा. परतीच्या वाटेवर उपद्रवाचा प्रवाह शिरला, आणि तो गाण्यात मिसळला.

केवळ हलकीशी घूं-घूं, तिचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. आपल्या संगीताच्या दृष्टीने तिचे पुष्कळ काही आहे. आपल्याकडील विजेची कंपनसंख्या सेकंदाला ५०, आणि कानाला अधिक जाणवतात ती तिची १०० आणि १५०ची पटीतली कंपने. गायकाने काळी एकचा षड्ज धरला आहे असे समजू. त्याची कंपनसंख्या सुमारे १३८.६. त्या हिशेबाने मंद्रातील तीव्र मध्यम ९८ला येतो आणि मंद्र पंचम १०४च्या जवळ. विजेचे १०० या दोहोंच्या मधोमध कोठेतरी लोंबकळते. ते मध्यमही नव्हे आणि पंचमही नव्हे. १५०चे कंपन कोमल रिषभाच्या वर आणि शुद्ध रिषभाच्या खाली पडते. तंबोऱ्याशेजारी बसून कोणी दुसराच बेसूर तंबोरा अखंड छेडीत असावा, असा हा प्रकार. भूपासारख्या रागात मध्यमाला मज्जाव असतो. तेथेही हा आगंतुक बसलेलाच. पाश्चात्य वाद्यवृंदाच्या गदारोळात जो झाकून जातो, तो आपल्या आलापीच्या शांततेत उघडा पडतो. म्हणून हमिंगविषयी आपण इतरांपेक्षा अधिक जागरूक असले पाहिजे.

संगणकावर आवाज उतरवताना तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. गाणे ऐकताना आलेली घूं-घूं उद्या तार बदलून घालवता येते. उतरवलेल्या आवाजात मिसळलेली घूं-घूं त्या आवाजाचाच भाग होऊन बसते. संगणकावर ती पुसण्याच्या सोयी आहेत. ५०, १०० आणि १५०च्या जागा कापून टाकता येतात. पण त्याच जागी बायाचा घुमारा असतो, तंबोऱ्याचा खर्ज रेंगाळत असतो. आणि प्रौढ पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वरही याच प्रदेशात, सामान्यतः ८५ ते १५५ कंपनांच्या दरम्यान असतो. हमिंग कापायला गेलो तर वडिलांच्या आवाजातील भारदस्तपणाच कापला जातो, आणि उरतो तो टेलिफोनवर बोलल्यासारखा पातळ आवाज. तेव्हा उपाय आधी करावा.

उपायांचा क्रम आम्ही सांगतो तसा ठेवावा, कारण पहिले उपाय फुकटचे आहेत. सर्व यंत्रे एकाच प्लगवरून, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत. कडे लहान झाले की त्यातला प्रवाहही घटतो. मग एकेक यंत्र सोडवून पाहावे. कोणते सोडवल्यावर घूं-घूं थांबते, ते पाहिले म्हणजे अपराधी सापडला. केबल टीव्हीची गोल तार हा एक नेहमीचा संशयित; ती इमारतीबाहेरून स्वतःची वेगळी जमीन घेऊन येते. लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करीत असाल तर त्याचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. कित्येक घरी प्रश्न येथेच मिटतो. गाण्याची तार विजेच्या तारांपासून आणि अडॅप्टरच्या ठोकळ्यांपासून दूर ठेवावी. त्यांना ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे, समांतर धावू देऊ नये. तांब्याची जाळी रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. त्याला अंतर हाच उपाय. तार गरजेपुरतीच लांब घ्यावी. टीव्ही किंवा सीडी यंत्राला प्रकाशतंतूची सोय असेल तर तीच वापरावी. प्रकाशतंतूतून वीज वाहत नाही, म्हणून तेथे कडे तयारच होत नाही. आणि एवढे करूनही घूं-घूं राहिली, तर दोन यंत्रांच्या मध्ये ध्वनिसंदेशाचे लहान रोहित्र बसवावे. त्यातून गाणे पलीकडे जाते आणि जमिनीचा संबंध तुटतो.

एक उपाय मात्र कधीही करू नये, आणि तो सर्वांत जास्त केला जातो. प्लगची वरची जाड पिन काढून टाकणे, किंवा तीन पिनांचे यंत्र दोन पिनांच्या अडॅप्टरमधून चालवणे. असे केले की कडे तुटते आणि घूं-घूं जादूसारखी थांबते. म्हणूनच हा मोह अनावर होतो. पण ती पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब का केलेली असते, याचा विचार करावा. प्लग खोचताना तिने सर्वांआधी जोडले जावे आणि काढताना सर्वांनंतर सुटावे, यासाठी. यंत्राच्या आत २३० व्होल्टची तार सुटून पेटीला लागली, तर प्रवाह त्या पिनेवाटे जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा सुरक्षा स्विच पडतो. पिन नसेल तर पेटी जिवंत होऊन बसते. इतकेच नव्हे, आपल्या लाल-पांढऱ्या तारेच्या जाळीतून तीच वीज दुसऱ्या यंत्राच्या पेटीपर्यंत पोहोचते. पन्नास रुपयांचे नातवंडांचे खेळणे आपण पारखून घेतो, आणि त्याच नातवंडाचा हात लागेल अशा पेटीची अर्थिंग एका घूं-घूंसाठी तोडतो, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. नव्या इमारतींत बसवलेला ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच हा दुसरा पहारेकरी आहे. दुसरा पहारेकरी आहे म्हणून पहिल्याला घरी पाठवू नये.

आता संतुलित तारेकडे परत येऊ. ती घरात केव्हा घ्यावी? दोन्ही यंत्रांना संतुलित जोड असतील आणि तार पाच-सात मीटरहून लांब जाणार असेल, तर अवश्य घ्यावी. स्वतःच्या आत ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले असतील आणि प्रत्येकाला आपापला प्लग असेल, तर ती विशेष उपयोगी, कारण तेथे कडे मोठे होते. संगणकाशी जोडण्याच्या ध्वनिमुद्रणपेटीला बहुधा संतुलित प्रवेश असतो. तेथे कॅसेट यंत्राचा असंतुलित संदेश आणायचा असेल तर एक मधला मार्ग आहे. जाळीच्या आत दोन तारा असलेली तार घ्यावी. एक तार कॅसेट यंत्राच्या मधल्या खुंटीला जोडावी, दुसरी तार आणि जाळी त्याच्या बाहेरच्या कड्याला. पेटीच्या बाजूला मात्र तिन्ही वेगवेगळ्या जोडाव्यात. म्हणजे उपद्रवाचा प्रवाह जाळीतून जातो आणि गाण्याच्या परतीची वाट वेगळी राहते. पाणी भरणारा वेगळा आणि पहारेकरी वेगळा झाला. डाग देणारा कोणीही कारागीर ही तार अर्ध्या तासात करून देईल, आणि कॅसेटी उतरवण्याच्या कामी तिचा लाभ मोठा आहे.

यंत्राला एक्सएलआरचे छिद्र आहे, एवढ्यावरून ते आतून संतुलित आहे असे मानू नये. ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाचा १९९५ सालचा जूनचा अंक या विषयात प्रमाण मानला जातो. त्यात बिल व्हिटलॉक यांनी संतुलनाचे मर्म रोधाच्या समानतेत आहे, हे विस्ताराने मांडले. त्याच अंकात नील मन्सी यांनी दाखवले की पुष्कळ व्यावसायिक यंत्रांत जाळीची खुंटी धातूच्या पेटीला न जोडता आतील मंडलाला जोडलेली असते, आणि त्यामुळे जाळीतला उपद्रव थेट गाण्यात शिरतो. म्हणजे जोड संतुलित, तार संतुलित, आणि तरीही घूं-घूं. दोष तारेचा नसतो. म्हणून अधिक महाग तार घेऊनही तो जात नाही.

दुकानात तुलना करून दाखवतात तेव्हाही सावध असावे. संतुलित जोडातून येणारा संदेश बहुधा अधिक सशक्त असतो, कित्येकदा दुप्पट. म्हणून तो मोठ्याने वाजतो, आणि मोठा आवाज कानाला आधी गोड वाटतो. दोन्हींचा आवाज सारखा करून मग ऐकावे. तसे केल्यावर, मीटरभर अंतरात आणि घूं-घूं नसलेल्या घरात, फरक ओळखणारा कान आम्हांस दुर्मिळच वाटतो. फरक नाही असे आढळले तर वाईट वाटून घेऊ नये. पैसे वाचले असे समजावे, आणि त्या पैशांत कॅसेट यंत्राचे हेड साफ करून, त्याचा पट्टा बदलून घ्यावा. घासलेल्या हेडपुढे सोन्याची तारही काही करू शकत नाही.

तेव्हा सारांश असा. अंतर थोडे, संदेश सशक्त, तर साधी, मजबूत जोडांची असंतुलित तार पुरे. अंतर मोठे किंवा संदेश क्षीण, तर संतुलित. घूं-घूं आली तर प्रथम प्लग पाहावे, मग तार, आणि अर्थिंगला हात लावू नये. मंडळाच्या सभागृहासाठी संतुलित तारा, घरच्या कपाटासाठी आखूड तारा, आणि कॅसेटी उतरवण्यासाठी दोन तारा अधिक जाळी, असा आमचा निवाडा.

एक विनंती करून थांबतो. मंडळात ज्यांच्यापाशी चालू स्थितीतील कॅसेट यंत्र आहे, त्यांनी ते शेजारच्या कुटुंबाला आठवडाभर द्यावे, आणि ज्यांना डाग देता येतो त्यांनी दोन तारा अधिक करून ठेवाव्यात. उतरवताना २४ बिट आणि किमान ४८ किलोहर्ट्झ हे प्रमाण ठेवावे. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटनाही किमान एवढे सांगते. पहिली दोन मिनिटे उतरवून, कानाला हेडफोन लावून, बोलण्यामधल्या विरामात काय ऐकू येते ते तपासावे. विराम स्वच्छ असेल तरच पुढे जावे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभे केले, त्यांच्यापैकी कित्येकांचे आवाज आज फक्त अशा फितींवर उरले असतील. पुढच्या पिढीच्या हाती ते जावेत तेव्हा त्यांच्यामागे विजेची घूं-घूं नसावी; असलीच तर त्या काळच्या पंख्याची घरघर असावी, पेल्यांचा किणकिणाट असावा, आणि कोणीतरी हळूच म्हटलेले "चालू झालं का?" असावे.